पेरणा आणि केयस्थान : चोपडा तालुक्यातल्या एका केळी हंगामाचं प्रकरण

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी २२ वर्षांच्या एका मुलानं गावाच्या केळी ग्रुपवर आपल्या रोगट केळीचे चार फोटो आणि १ मिनिट ४० सेकंदांचा तक्रारीचा व्हॉइस मेसेज टाकला. दोन मिनिटांत पहिलं स्टिकर आलं. त्यावर केळीचा घड होता, घडाला काळा चष्मा लावलेला होता आणि खाली लिहिलं होतं, 'केयस्थान'. रात्री दहापर्यंत अशी अकरा स्टिकर्स पडली. मुलानं मेसेज काढून टाकला. पुढचे १९ दिवस तो या विषयावर कुणाशी एक अक्षर बोलला नाही, आणि त्या १९ दिवसांत दाखवण्यासारखं जे काही त्याच्या हातात होतं ते सगळं गेलं.

तो मुलगा माझा जुना विद्यार्थी. स्टिकर टाकणाऱ्यांतलेही बरेच माझेच. आणि ज्या शब्दानं त्याचं तोंड बंद केलं, त्याच शब्दाचं मी वर्गात फळ्यावर लिहून कौतुक केलं होतं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढते आहे. गावाचं, माणसांचं आणि रोपं विकणाऱ्याचं नाव देत नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात मराठी शिकवते, घरी सासऱ्यांची तीन एकर केळी आहे, एवढं पुरे.

शब्द कुठून आले

अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया, जळगावचं जयगाव. तसंच केळ्याचं केयं. एका फेब्रुवारीत केळीचे भाव कोसळले तेव्हा ग्रुपवर रोज काही ना काही फिरत होतं. दिल्लीच्या व्यापाऱ्यांची गुप्त बैठक झाली, सावद्याहून भरायच्या रेल्वेच्या रॅक मुद्दाम अडवल्या, अमुक राज्याचा माल आधी उचलायचं ठरलंय. एक आप्पा होते, ते प्रत्येक मेसेजखाली एकच वाक्य बोलून पाठवायचे, "हाई बठं कारस्थान शे भो." म्हणजे हे सगळं कारस्थान आहे. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर पोरं त्यांची नक्कल करायची. कुणीतरी त्या नकलेत केयं आणि कारस्थान एका दमात म्हटलं आणि 'केयस्थान' झालं. आठवड्याभरात स्टिकर निघालं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. आप्पांची सगळीच तक्रार हवेतली नव्हती. जाहीर झालेला भाव एक आणि कापणीला बागेत उतरलेला व्यापारी देतो तो दुसरा, हे रावेर, यावल, चोपड्यात कुणाला नवं नाही. नवतीचा, म्हणजे नव्या लागणीचा माल पिलबागेच्या, म्हणजे जुन्या झाडांच्या पिलांवर धरलेल्या बागेच्या भावात मागितला जातो, चांगला घड वापसीत, म्हणजे हलक्या मालात टाकला जातो. हे घरोघर भोगलेलं आहे. पण आप्पा त्या खऱ्या तक्रारीला दिल्लीच्या गुप्त बैठकीचं शेपूट जोडायचे, आणि पोरांना नेमकं शेपूट तेवढं दिसायचं.

दुसरा शब्द 'पेरणा'. पेरणी आणि प्रेरणा. हा त्याच्याही आधीचा. मोबाईलवर शेतकऱ्यांच्या यशाचे जे छोटे व्हिडिओ येतात त्यांना पोरं पेरणा म्हणू लागली. ट्रॅक्टरला टेकून उभा असलेला तरुण, मागे ढोलाचं संगीत, वर मोठ्या अक्षरात 'एकरी १० लाख', आणि शेवटी कुठल्या तरी रोपवाटिकेचा फोन नंबर. "आज कोनती पेरणा उनी रे?" असं सकाळी टपरीवर विचारलं जायचं. स्ट्रॉबेरीची पेरणा आली, ड्रॅगन फ्रूटची आली, शेवग्याची आली. या शब्दात पोरांची समज होती. हे बघून माणूस काहीतरी पेरतो आणि पैसे घालवतो, हे त्यांनी चार अक्षरंही न वापरता सांगितलं होतं.

त्या वर्षी शब्दसिद्धी शिकवताना मी मुलांना म्हटलं, तुमच्या आजूबाजूला नुकतेच जन्मलेले शब्द आणा. हे दोन्ही आले. मी हरखले. आजही म्हणेन की भाषा म्हणून दोन्ही शब्द अस्सल आहेत.

कलम कुठे बसलं

मुलांना मी तेव्हा सांगितलं ते असं. 'केळीबाग' हा समास. त्यात दोन्ही शब्द अख्खे राहतात, फक्त मधली विभक्ती गळते. 'केयस्थान' समास नाही. तिथे एक शब्द मध्येच कापला आहे. कारस्थानातलं 'कार' फेकलं, 'स्थान' ठेवलं, आणि कारस्थानाचा सगळा अर्थ त्या उरलेल्या शेपटावर बसवला. आंब्याला करतो तसं हे कलम आहे. खुंट केळीचा, वरची काडी कारस्थानाची, आणि फळ काडीचंच येणार.

'स्थान' म्हणजे नुसती जागा, त्यात कटाचा वासही नाही. माझ्या सासूबाईंनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांनी निर्मळ मनानं विचारलं, "केयस्थान कोठे शे रे भो? कोनता देव शे तठे?" त्यांच्या कानाला देवस्थान ऐकू आलं. ज्याला मूळ चेष्टा ठाऊक नाही त्याला हा शब्द काहीच सांगत नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला तो फार जास्त सांगतो.

'पेरणा'चं कलम याहून बेमालूम. पेर आणि प्रेर यांत एका रकाराचा फरक, आणि आमच्याकडे बोलताना तो रकार तसाही कितीदा गळतोच. सांधा शोधूनही सापडत नाही.

इंग्रजीतही हीच करामत आहे. 'थिन' म्हणजे बारीक, त्याला 'इन्स्पिरेशन' जोडून 'थिन्स्पिरेशन' झालं. थिनच्या शेवटी 'इन' आहे, इन्स्पिरेशनच्या सुरुवातीला 'इन' आहे, दोन्ही एकमेकांत विरघळले. ज्या मुली उपाशी राहून स्वतःला झिजवत होत्या त्यांच्या आजाराला या शब्दानं प्रेरणेचं नाव दिलं. 'भूक मार' असं म्हटलं असतं तर आईनं मोबाईल हिसकावून घेतला असता. 'प्रेरणा' म्हटल्यावर कोण अडवणार? २०१२ मध्ये टम्बलर, पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम यांनी एकापाठोपाठ एक या मजकुराविरुद्ध नियम केले. त्यावर लोकांनी स्पेलिंग मोडायला सुरुवात केली. एखादं अक्षर दोनदा, एखादं बदलून, आणि शब्द तसाच पुढे चालू. हे पुढे आमच्याही वाट्याला आलं, ते सांगेन.

कटाच्या बाजूचा ठळक शब्द 'कॉन्स्पिरिच्युॲलिटी'. शार्लट वॉर्ड आणि डेव्हिड व्होअस या अभ्यासकांनी २०११ मध्ये एका शोधनिबंधात तो वापरला, कॉन्स्पिरसी आणि स्पिरिच्युॲलिटी मिळून. अध्यात्म आणि 'जगामागे कुणीतरी गुप्त सूत्रधार आहे' ही समजूत एकत्र नांदते तेव्हा तिला काय म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता. यातलं 'स्पिर' दोन्ही शब्दांत मुळातच आहे. लॅटिन 'स्पिरारे' म्हणजे श्वास घेणं, फुंकणं. आत फुंकली ती इन्स्पिरेशन, प्रेरणा. एकत्र बसून, एका श्वासात केली ती कॉन्स्पिरसी, कट. प्रेरणा आणि कट एकाच फुंकरीतून निघाले.

आणि आपल्याकडे? संस्कृतात श्वास घेणं म्हणजे 'श्वस्'. त्यातूनच विश्वास आला, आश्वासन आलं. मराठीत गुरू शिष्याचे कान फुंकतो म्हणजे मंत्र देतो, आणि चहाडखोरही कान फुंकतो म्हणजे मन कलुषित करतो. एकच वाक्प्रचार दोन्हीकडे. कानाशी आलेली फुंकर कसली आहे हे शब्दावरून कळत नाही, कोण फुंकतंय आणि काय फुंकतंय ते पाहावं लागतं. हे मला वर्गातच सुचायला हवं होतं. सुचलं ते नुकसान झाल्यावर.

जून ते सप्टेंबर

मुलाकडे वडिलांची दोन एकर. वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून शेती तोच बघत होता. आधी त्यांच्याकडे जुन्या बागेतले कंद लावायची पद्धत. एप्रिलमध्ये त्यानं एक पेरणा पाहिली. टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनानं वाढवलेली रोपं, एकसारखे घड, ११ महिन्यांत कापणी, परदेशी जाणारा माल. पेरणा म्हणून त्यानं मित्रांबरोबर तिची टवाळीही केली, आणि रात्री तीच पुन्हा पुन्हा पाहिली. "माले वाटनं, हाई खरी असू शकस," असं तो मला नंतर म्हणाला. टिश्यूची केळी जळगाव जिल्ह्यात चांगली येते यात खोटं काहीच नाही, हजारो एकरांवर ती उभी आहे. चूक पीक निवडण्यात नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं एका ओळखीच्या मध्यस्थाकडून ३,५०० रोपं घेतली, रोपामागे १५ रुपये. ५२,५०० रुपये दिले, त्यातले ३०,००० आईच्या गळ्यातली पोत गहाण ठेवून उचललेले. बदल्यात वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी मिळाली. तीवर तारीख, रोपांची संख्या आणि रक्कम. लॉट नंबर, म्हणजे रोपांच्या तुकडीचा क्रमांक नाही, प्रयोगशाळेचं नाव नाही. कॅरेटवर लेबलं होती असं त्याला आठवतं. कॅरेट परत गेले.

ऊतीसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ मध्ये प्रमाणीकरणाची व्यवस्था उभी केली आहे. मातृरोपं आणि रोपांचे लॉट विषाणूसाठी तपासायचे आणि पास झालेल्या लॉटला प्रमाणपत्राचं लेबल द्यायचं. कारण साधं आहे. मातृरोपात विषाणू असेल तर त्यापासून निघालेल्या हजारो रोपांतही तो असू शकतो, आणि लहान रोप पाहून डोळ्यांना काही कळत नाही. त्या लेबलावरच सगळी मदार असते. आमच्या मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. पेरणेत ते नव्हतंच.

ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस आभाळ भरून राहिलं, पाऊस रिमझिम. रोपांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले, पानं कडेनं मुरडली, काही झाडांचा पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं कोवळं पान, कुजून हाताला सुटून आला. ही सीएमव्हीची, कुकुंबर मोझॅक व्हायरसची लक्षणं. आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. हा रोग मावा पसरवतो. काकडी, भोपळा, कारली यांसारखी वेलवर्गीय पिकं आणि बांधावरचं तण ही त्याची घरं. उपाय म्हणजे रोगट झाड मुळासकट उपटून गाडायचं किंवा जाळायचं आणि माव्याचा बंदोबस्त करायचा. एकदा झाडात शिरलेला विषाणू औषधानं बरा होत नाही.

त्या संध्याकाळी त्यानं तो मेसेज टाकला. मी नंतर तो त्याच्या फोनवर ऐकला, त्याच्याकडे मूळ रेकॉर्डिंग राहिलं होतं. आवाज कापत होता. सुरुवातच अशी होती, "हे सगळं ठरवून केलेलं आहे." मग कंपनी, मध्यस्थ, औषध दुकानदार आणि कृषी खातं यांनी मिळून शेतकऱ्याला संपवायचं ठरवलंय, आधी रोगट रोप देतात, मग औषध विकतात, असं बरंच. १ मिनिट १० सेकंदांनंतर खरी माहिती येते. ३,५०० पैकी साधारण ६०० झाडं गेली आहेत, आणि शेजारच्या शिवारात ज्यानं याच माणसाकडून रोपं घेतली त्याच्याकडेही तेच दिसतंय.

तो सव्वा मिनिटापर्यंत कुणी थांबलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं झाडं उपटायला घेतली. रोग आवरायचा तर ते बरोबरच होतं, पण उपटायच्या आधी पंचनामा करून घ्यायला हवा होता. तक्रार करावी असं त्याला वाटलं का, हे मी विचारलं. म्हणाला, "ताई, तालुक्याला गेलो असतो तर तिथंही कुणीतरी केयस्थान म्हटलं असतं." १९ व्या दिवशी त्याची आई माझ्याकडे आली तेव्हा मला हे समजलं. आम्ही लेखी अर्ज दिला. अधिकारी आले, नीट बोलले, पण बघायला काय होतं? गाडलेले खड्डे, तुटक बाग आणि वहीचं पान. त्यांनी होतं तेवढं नोंदवलं. नुकसानभरपाई मिळाली नाही.

अकरा स्टिकर्स

स्टिकर टाकणाऱ्यांपैकी सात जणांशी मी एकेकट्यानं बोलले. रागवायला गेले नव्हते. मला समजून घ्यायचं होतं.

पाच जणांनी व्हॉइस मेसेज ऐकलाच नव्हता. एकाचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "मॅडम, वर केयस्थान दिसलं, म्हणून मी पण टाकलं. मला वाटलं आप्पांचाच मेसेज असेल." दोघांनी सुरुवातीची दहा-पंधरा सेकंद ऐकली होती. 'ठरवून केलेलं' हे शब्द कानावर पडताच पुढचं सगळं काय असणार हे त्यांनी गृहीत धरलं.

एकानं तर त्याच मध्यस्थाकडून २,२०० रोपं घेतली होती. त्याच्या बागेतही पट्टे दिसत होते. स्टिकर त्यानंही टाकलं. का, असं विचारल्यावर तो बराच वेळ बांधावरची माती पायानं उकरत राहिला. मग म्हणाला, "मी बोललो असतो तर माझंही हसू झालं असतं." आणि थोड्या वेळानं, "मन्ही चूक व्हयनी, ताई."

शेजारच्या शिवारातला तिसरा शेतकरी त्या ग्रुपवर नव्हता. म्हणजे एकाच माणसाकडची रोपं घेतलेले तिघे, तिघांची बाग एकाच महिन्यात बिघडलेली, आणि तिघेही एकमेकांना न सांगता रात्री झाडं उपटत होते. लॉट नंबर विचारायला, फोटो एकत्र करायला, पानांचे नमुने तपासणीला पाठवायला यापेक्षा चांगली वेळ कोणती असणार? एकालाच दोष दिसला असता तर योगायोग म्हणता आलं असतं. तिघांना दिसला तर ती चौकशीची गोष्ट.

दुसरी बाजूही लिहायला हवी. आमच्या मुलाच्या बांधाला लागून शेजाऱ्याची काकडी होती. २,२०० रोपंवाल्यानं स्वतः केळीत मिरची लावली होती. हरण्या तिथूनही येऊ शकतो. दोष रोपांत होता की बांधावर, हे नमुना तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्यामुळे मुलाचा आरोप बरोबर होता असं मी म्हणत नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता. 'केयस्थान'नं आरोपाबरोबर प्रश्नही गाडला.

माझा आक्षेप इथे आहे. ज्या कलमी शब्दाच्या शेपटातच निकाल बसलेला असतो, तो ऐकणाऱ्याचं तपासायचं काम काढून घेतो. थिन्स्पिरेशन म्हटलं की उपास चांगला ठरला, केयस्थान म्हटलं की तक्रार खोटी ठरली, दोन्हीकडे मधला पुरावा कुणी बघितलाच नाही. अमेरिकेतल्या वॉटरगेट या इमारतीच्या नावातलं 'गेट' १९७२ च्या प्रकरणानंतर असंच तुटून शेपूट झालं. आपल्याकडे कोळसा खाणींच्या वाटपाच्या वेळी २०१२ मध्ये 'कोलगेट' म्हणू लागले. मागे गेट लागलं की घोटाळा सिद्ध, मागे स्थान लागलं की अफवा सिद्ध. पोरांनी हा शब्द अफवांना आळा घालायला काढला होता आणि आप्पांच्या दिल्लीच्या बैठकीपुरता तो उपयोगीही पडला. पण शब्दाला माणूस ओळखता येत नाही. आप्पांवर घासून धार लावलेलं हत्यार या मुलावर चाललं.

कसूर, फसवणूक, कट

मुलाच्या बोलण्यातही चूक होती आणि ती त्याला मी समोर बसवून सांगितली. त्यानं पहिल्याच वाक्यात सगळ्यात जड शब्द उचलला.

कट म्हणजे काय, हे कायद्यात लिहिलेलं आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम १२०अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ६१ आहे. बेकायदा गोष्ट करण्यासाठी दोन किंवा अधिक माणसांचं एकमत झालेलं असलं पाहिजे. आपल्या जुन्या 'संगनमत' शब्दात हे नेमकं आहे. एका मध्यस्थानं माहीत असून रोगट रोप विकलं, तर ती फसवणूक. माहीत नसताना, न तपासता विकलं, तर तो कसूर. शेतकऱ्याचं नुकसान तिन्हींत सारखंच होतं, पण सिद्ध करायला लागणारा पुरावा पायरीपायरीनं वाढत जातो. कसुरासाठी लेबल आणि पानाचा नमुना पुरला असता. कटासाठी त्याला चौघांची गुप्त बैठक दाखवावी लागली असती. स्वतःच्या हातानं त्यानं आपली तक्रार आप्पांच्या ओळीत नेऊन बसवली.

त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण त्याचा समज होता की शेतकऱ्याला दुकानदाराविरुद्ध काही करताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) जाऊ शकतो. शेतकऱ्यानं पेरणीच्या वेळी थोडं बियाणं तपासणीसाठी राखून ठेवावं अशी अपेक्षा करता येणार नाही, असंही त्या निकालात आहे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हाई माले कोनी इचारंच नही, ना कोनी सांगं."

शब्दावर बंदी आणि त्यानंतर

गोष्ट बाहेर आल्यावर ग्रुपच्या ॲडमिननं, जे माझे चुलत दीर आहेत, 'केयस्थान' शब्दावर बंदी घातली. टाकेल त्याला काढणार. माझा विरोध होता, पण त्यांचा राग खरा होता. तीन दिवसांत 'के.स्थान' आलं. मग नुसतं 'के'. मग कुणीतरी देवळाच्या कळसाचं चित्र टाकू लागलं, सासूबाईंचा देवस्थानाचा किस्सा गावभर झाला होता ना! २०१२ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही ते आमच्या भाऊसाहेबांना कुठून जमणार? दहाव्या दिवशी त्यांनी बंदी उठवली.

त्यांच्याशी, मुलाशी आणि स्टिकर ज्यानं बनवलं होतं त्या मुलाशी मिळून आम्ही एक साधी रीत ठरवली. ग्रुपवर नुकसानाची तक्रार टाकायची तर पहिल्या मेसेजमध्ये चारच गोष्टी. पानाचा किंवा पोंग्याचा फोटो, बिलाचा फोटो, लॉटच्या लेबलाचा फोटो, आणि लागणीची तारीख. कोण दोषी, ते त्या मेसेजमध्ये नाही. आणि दुसऱ्या कुणीही पहिलं उत्तर द्यायचं ते एकाच प्रश्नाचं, 'माझ्याकडेही आहे की नाही?' स्टिकर त्याच्यानंतर खुशाल टाका. लेबल नसेल तर नाही लिहा, पण लिहा.

माझ्या वर्गातही मी हा धडा बदलला. नवे शब्द अजून मागवते. फक्त आता फळ्यावर लिहिल्यावर मुलांना विचारते, याचा सांधा दाखवा. कुठे कापलं, काय फेकलं, काय उरलं, आणि उरलेल्या शेपटात न्याय आधीच करून टाकलाय का? गेल्या वेळी एका मुलीनं 'फिटस्पिरेशन' आणलं, जिममध्ये भिंतीवर लिहिलेलं. तिनं स्वतःच सांधा दाखवला आणि म्हणाली, "मॅडम, यात पण इन्स्पिरेशनचं डोकं उडवलंय." नंतर तासभर थांबून ती हॉस्टेलमधल्या आपल्या एका मैत्रिणीबद्दल माझ्याशी बोलली. ती मैत्रीण आता डॉक्टरांकडे जाते आहे. त्यापलीकडे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या जुलैमध्ये ग्रुपवर एक मेसेज आला. एका काकांनी पिवळ्या पट्ट्याच्या पानाचा फोटो टाकला होता, खाली पक्क्या बिलाचा आणि लेबलाचा. दोष कुणाचा ते लिहिलं नव्हतं. दुपारपर्यंत सहा जणांनी आपापली लेबलं टाकली. दोघांची लॉट नंबरांसकट जुळली. झाडं उभी असतानाच अर्ज गेला, पंचनामा झाला, पानांचे नमुने गेले. आप्पांनी नेहमीप्रमाणे "हाई बठं कारस्थान शे भो" म्हणून पाठवलं. त्याखाली स्टिकर आलं नाही. आमच्या मुलानं त्यांना लिहिलं, "आप्पा, तुमचं लेबल टाका."

त्याच्या घरी आता पडवीत दारामागे एक खिळा आहे. तारेत ओवलेली कॅरेटची लेबलं तिथे लटकलेली असतात, सगळ्यात वर यंदाचं. मी परवा गेले तेव्हा त्याचे वडील खाटेवरून डाव्या हातानं त्या तारेकडे बोट दाखवत होते. पाऊस येणार होता आणि लेबलं भिजतील म्हणून त्यांना ती आत घ्यायची होती.